पेचकस

खैरगाव फाट्यावर माझं गॅरेज.
गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर टिन,
आणि ऑईल पिऊन काळी झालेली जमीन
जिच्यावर गवतसुद्धा विचार करून उगवतं.

गाडी आली की मी आधी खोलत नाही.
पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवतो,
मूठ कानामागच्या हाडाला,
आणि डोळे मिटतो.
टायमिंग चेन सैल असली तर ती दात खाते.
व्हॉल्व वाजतो तो निराळा,
चुलीत तुरीच्या काड्या तडकाव्या तसा.
सत्तावीस वर्षं हाच अभ्यास.
मारेगावपर्यंत लोक म्हणतात,
पत्रू ठमके गाडीसंग बोलते.
खोटं आहे. मी फक्त ऐकतो.

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी निर्गुणा आत्राम
बचत गटाचा हिरवा ऑटो घेऊन आली.
मी पाठमोरा होतो.
"भाऊ," ती म्हणाली,
आणि माझ्या हातातला नट घरंगळत गेला नालीत.
ती आली हेच मला कळलं नव्हतं.

सवयीनं पेचकस टेकवला मोटारीवर.
आत काही नव्हतं.
म्हणजे होतं,
रिकाम्या माठाला कान लावल्यावर
असतं तेवढं.

टपरीवर आता रोज तोच खटला.
देवतळे मास्तर म्हणतात, दहा वर्षांत पेट्रोल संपलं समजा.
पंपावरचा गजू म्हणतो,
"हाओ, अन् लाईन कोन देईन मास्तर, तुमी?"
तेवढ्यात वणीकडून टिप्पर येतात, एकामागे एक,
कोळशानं भरलेले, ताडपत्री फाटलेली,
आणि सगळ्यांच्या चहावर काळी साय धरते.
डिझेल पिऊन कोळसा जातो,
कोळसा जळून वीज होते,
वीज रात्री अकरानंतर कुठं खैरगावात टिकते
आणि निर्गुणाच्या ऑटोत जाऊन झोपते.
आता यात कोण कोणाच्या जागी आलं
ते मास्तर, तुम्हीच फळ्यावर मांडा.

निर्गुणाला या वादात रस नाही.
तिला माहीत आहे, चढावर बायांना उतरावं लागतं,
टोपल्या डोक्यावर घेऊन, हसत, शिव्या देत.
मे महिन्यात ती टपावर ओलं पोतं टाकते.
आणि एकदा, दिवेलागणीला, जंगलातल्या वळणावर
रोह्यांचा कळप रस्त्यातच उभा.
आवाजच नाही तर पळतील कशाला?
तिनं ब्रेक दाबला. मागं सात बाया, गप.
"पयल्यांदा इतक्या जवळून पायले," ती म्हणाली,
"पापण्या किती लांब असतात भाऊ त्याईच्या."

मला धुराचा वास आवडायचा.
लुना सुरू होताना यायचा तो, गोडसर, सकाळचा.
आता सांगायची लाज वाटते.

पोरगा यवतमाळला आयटीआयमध्ये आहे.
म्हणाला, बाबा, मीटर घ्या.
घेतलं. दोन वायरी लावल्या.
अठ्ठेचाळीस, ते म्हणालं.
मी म्हटलं, बरं, मग?
अठ्ठेचाळीस.

काल निर्गुणा आली.
मी पाठमोराच होतो, धनराज गवळ्याच्या गाडीत मनगटापर्यंत.
ऑटो गतिरोधकावरून उतरला,
आणि कर्र.
थांबून, पुन्हा कर्र.
हात न पुसताच उठलो.
पुढचं चाक जॅकवर उचललं,
पेचकस हबवर, मूठ हाडाला.
"फिरव."
तिनं चाक फिरवलं.
बाहेरचं बेअरिंग. एक गोळी फुटलेली,
दर फेऱ्याला त्याच जागी अडखळणारी.
कापसाच्या दिवसांतली धूळ शिरली असेल,
नाहीतर कोळशाची.

"काई सांगते का?" तिनं विचारलं.
"चूप राय," मी म्हटलं.
"फिरव अजून एकदा."